वर आलेला रस्ता आणि होयबाचं सलून

त्याच्या वडिलांच्या काळात गिऱ्हाईक दोन पायऱ्या चढून सलूनमध्ये यायचं. पुढे एकच पायरी उरली. मग एका वर्षी रस्ता आणि सलूनची फरशी एका पातळीत आली, तेव्हा म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी नगरपालिकेचे आभार मानले, की आमच्या गुडघ्यांची काळजी करणारं कोणीतरी आहे म्हणायचं. आता गिऱ्हाईक पायऱ्या उतरून यायचं. सलून जागचं तसूभरही हललं नव्हतं. रस्ताच वर आला होता. दर निवडणुकीआधी जुन्या डांबरावर नवं डांबर पडायचं. जुनं खरवडून काढायची तसदी कोणी घेत नसे, कारण खरवडण्याचं उद्घाटन करता येत नाही.

सलून चालवणाऱ्याला सगळी गल्ली होयबा म्हणायची. त्याचं खरं नाव बायकोला माहीत होतं आणि ती चिडली की तेवढ्यापुरतं वापरायची. होयबा या नावाचं त्याला वाईट वाटत नव्हतं. उलट ते त्याच्या धंद्याचाच भाग होतं. वडिलांनी वस्तरा हातात देताना त्याला एकच गोष्ट बजावली होती. "गिऱ्हाइकाची मान आपल्या हातात असते. त्या वेळी त्याला 'नाही' म्हणालास की तो वाद घालायला वळणार. वळला की कापणार." वडील हे अनुभवाने शिकले होते. एका गिऱ्हाइकाने यंदा उकाडा जास्त आहे म्हटलं, आणि वडील म्हणाले, मागच्या वर्षी जास्त होता. गिऱ्हाईक तावातावाने वळलं आणि त्याच्या कानाच्या पाळीला जन्माची खूण राहिली. तेव्हापासून या सलूनमध्ये उकाडा, सरकार, सुना, जावई, कशाबद्दलही कोणाला विरोध झाला नाही.

होयबाने हा धडा इतका मनावर घेतला, की वस्तरा खाली ठेवल्यावरही तो चालूच राहिला. भाजीवाल्याला हो, मेव्हण्याला हो, चुकीच्या नंबरवर फोन करणाऱ्यालाही दोन मिनिटं हो. घरात मात्र उलटं होतं. त्याची बायको बसमध्ये कंडक्टर होती. तिचं कामच दिवसभर नाही म्हणायचं. जागा नाही, सुटे नाहीत, बस इथे थांबत नाही. घरी आली की तिचा घसा बसलेला असे. त्यामुळे संसार सुखाचा होता; ती नाही म्हणायची आणि तो हो म्हणायचा.

अशात गल्लीत उंचीचं भांडण पेटलं.

नियम जुना होता. या भागात राहती घरं, आणि तीन मजल्यांच्या ठरलेल्या उंचीवर काही नाही. कोपऱ्यावरचा बंद पडलेला छापखाना एका कंत्राटदाराने घेतला आणि तिथे सात मजले उठवायचं ठरवलं. त्यासाठी नियम बदलायला हवा होता. झालं, गल्लीचे दोन तट पडले. एकांना लोक उंचवाले म्हणू लागले आणि दुसऱ्यांना बुटकेवाले. उंचवाल्यांचा म्होरक्या अर्थातच कंत्राटदार. घरात पोरं मोठी झाली, ती काय एकमेकांच्या डोक्यावर झोपणार का, असं तो विचारायचा. विचारताना डोळ्यांत पाणीही आणायचा, आणि ते पाणी खरं असायचं, हीच तर त्याची खुबी होती.

बुटकेवाल्यांचे पुढारी होते निवृत्त भूगोलाचे प्राध्यापक. ते म्हणायचे, आभाळ सगळ्यांचं आहे. हे ते स्वतःच्या गच्चीवरून म्हणायचे. तीन मजल्यांचं घर, आणि गच्चीवर वाचनाची म्हणून बांधलेली एक खोली. ती खोली उंचीच्या नियमाला हातभर ओलांडून वर गेली होती. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. पण प्राध्यापकांनी निम्म्या गल्लीला नकाशा वाचायला शिकवलं होतं, तेव्हा बोलणार कोण?

दोघांमधून विस्तव जात नव्हता. पण दाढी दोघांचीही होयबाकडेच.

प्राध्यापक खुर्चीत बसले की डोळे मिटून सुरू करायचे. "सात मजले झाले तर या गल्लीत ऊन पडायचं नाही. माणसं पिवळी पडतील. बरोबर ना?"

"अगदी बरोबर, सर."

त्यांच्या मागोमाग कंत्राटदार यायचा. "दोन माणसांच्या उन्हासाठी शंभर माणसांनी बेघर व्हायचं? हा काय न्याय झाला?"

"कसला न्याय, शेठ. अन्याय आहे."

असं महिनाभर चाललं. दोघांनाही वाटलं, हा साधा माणूस, लोकांची नाडी याला कळते, आणि हा आपल्या बाजूने आहे म्हणजे लोक आपल्या बाजूने आहेत. उंचवाल्यांनी समिती काढली तेव्हा होयबाला उपाध्यक्ष केलं. त्याच आठवड्यात बुटकेवाल्यांनीही काढली आणि उपाध्यक्षपद होयबाला दिलं. दोन्ही वेळा तो हो म्हणाला. दोन्ही समित्यांच्या फलकांवर त्याचं नाव झळकलं. हा एकच माणूस आहे की दोन, अशी शंका कोणाच्याही मनात आली नाही, कारण समोरच्याचा फलक वाचणं दोन्ही गटांना कमीपणाचं वाटत होतं.

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतःच्याच विरोधात मोर्चा काढणार आहात का?"

"हो," तो म्हणाला, आणि मग विचारात पडला.

याच सुमारास नगररचना खात्याचा साहेब गल्लीची मापं घ्यायला आला. सुकलेला, सरळ आणि सतत घाईत असलेला माणूस. मापं घेता घेता तो सलूनच्या दाराशी थांबला. एकदा रस्त्याकडे, एकदा खालच्या फरशीकडे बघून त्याने टेप सोडली, बघितली आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

"तुमचं अवघड आहे हो," साहेब म्हणाला. "फरशी रस्त्यापासून तीन फुटांच्या खाली गेली की नियमाने ते तळघर. तळघरात धंदा करता येत नाही. सामान ठेवा, गाडी लावा, पण माणूस बसवता येत नाही. तुमचं बोटभर राहिलंय."

"पण साहेब, मी खाली गेलोच नाही."

"ते मला दिसतंय. नियमाला दिसत नाही." साहेबाने टेप गुंडाळली. मग माणुसकी म्हणून दोन वाक्यं जास्त बोलला. "पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, उंचीची आणि नव्या डांबराचीही. गल्लीतल्या एका जरी मालकाने उभं राहून रस्त्याच्या थराला हरकत घेतली, तर आधीचं डांबर खरवडून मगच नवं टाकावं लागतं. एक हरकत पुरते. न विसरता घ्या."

होयबाने मान डोलावली. साहेब गेल्यावर तो बराच वेळ पायरीवर उभा राहिला. वडिलांनी इथेच काम केलं, इथेच त्यांचे हात थरथरायला लागले आणि इथेच त्यांनी वस्तरा त्याच्याकडे दिला. या दोन खुर्च्यांखेरीज जगात त्याचं म्हणावं असं काही नव्हतं. त्याला मनापासून भीती वाटली. पण एक हरकत, एक वाक्य! एवढं तर लहान मूलही बोलेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

घोड्याने पेंड खायची ती पुढच्याच आठवड्यात खाल्ली. प्राध्यापक दाढीला बसले असताना कंत्राटदार आत आला. एरवी दुसरा आत असेल तर पहिला बाहेरूनच परत फिरायचा. पण त्या दिवशी कंत्राटदाराला कुठेतरी जायची घाई होती. तो दुसऱ्या खुर्चीत बसला. होयबाने त्याच्या तोंडाला फेस लावला आणि पुन्हा प्राध्यापकांच्या गळ्याकडे वळला. फेसामुळे दोघांचे चेहरे झाकलेले होते, आणि चेहरा झाकला की माणसाला समजूतदार व्हायला सोपं जातं, असं दिसतं.

कंत्राटदार म्हणाला, "सर, भांडून दोघांचीही इमारत अडलीय."

"माझी कुठे अडलीय? माझी उभी आहे."

"वाचनाची खोली धरून?"

प्राध्यापकांच्या गळ्यातली घाटी वस्तऱ्याखाली वर गेली आणि खाली आली. होयबाने हात उचलून धरला.

"मी वाकडं बोलत नाही," कंत्राटदार म्हणाला. "उंची मोजतात कुठून? रस्त्यापासून. तर मग मजल्यांचं राहू द्या बाजूला. तुमची मर्यादा तुमच्याजवळ. फक्त रस्ता वर घेऊ. तसंही इथे पाणी तुंबतं. चांगला भरीव रस्ता करू. रस्ता हातभर वर आला की तुमची खोली आपोआप नियमात बसते. आणि मला छापखान्याच्या जागेवर खाली अर्धा मजला जमिनीत ढकलून वर एक घेता येतो. तीन म्हणायचे, पण राहायचे चार."

प्राध्यापक विचार करत होते. तीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं होतं, की डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. समुद्रच वर उचलावा, हे मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं.

"म्हणजे मर्यादा कायम राहते," ते शेवटी म्हणाले. "तत्त्व अबाधित. आणि पाण्याचाही प्रश्न सुटतो. लोकहिताचंच आहे. नाही का रे होयबा?"

होयबाच्या हातात उघडा वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली प्राध्यापकांचा गळा. हातभर रस्ता म्हणजे बोटभर उरलेलं सलून कधीच संपलं. त्याने तोंड उघडलं. सर, माझं दुकान, एवढं म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर प्राध्यापक वळले असते. ते नेहमी वळायचेच, वर्गात असल्यासारखे. फेसात बुडालेल्या कंत्राटदाराचे डोळेही त्याच्याकडे लागले होते.

"अगदी बरोबर, सर," होयबा म्हणाला.

"बघा!" कंत्राटदार फेसातून हसला. "सामान्य माणसाला कळतं."

दाढी झाल्यावर दोघे बरोबर बाहेर पडले. पायऱ्या चढताना कंत्राटदाराने प्राध्यापकांना हात दिला. गल्लीने हे दृश्य बघितलं आणि संध्याकाळपर्यंत बातमी झाली, की होयबाने तडजोड घडवून आणली. दोन्ही समित्यांनी आपापल्या उपाध्यक्षाचं अभिनंदन केलं.

बायकोने हे बसमध्ये ऐकलं. घरी आली ती थेट त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिने त्याचं खरं नाव उच्चारलं.

"दुकान बुडवायचा बेत तुमच्याच दुकानात शिजला आणि तुम्ही त्याला मीठ लावलंत?"

"गळा वस्तऱ्याखाली होता गं."

"कोणाचा? त्यांचा की तुमचा?"

तिने कपाळाला हात लावला, मग पदर खोचला आणि म्हणाली, "सुनावणीला कोणाचा गळा नसणार. हातात वस्तरा नसणार. मला सुट्टी मिळत नाहीये, नाहीतर मीच आले असते. जमीन तुमच्या नावावर आहे, तुम्हीच बोलायचं. चला, उभे राहा. मी साहेब. तुमची रस्त्याला हरकत आहे?"

"आहे."

"कशासाठी?"

"माझं सलून तळघर होतंय. माझं पोट त्यावर आहे. आधी जुनं डांबर खरवडा."

"मोठ्याने."

त्याने मोठ्याने म्हटलं. मग आठवडाभर रोज म्हटलं. भात वाढताना, भांडी विसळताना ती मध्येच वळून विचारायची, आणि तो खणखणीत उत्तर द्यायचा. त्याला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. आपल्याला नाही म्हणता येत नाही अशी उगाच बोंब झाली आहे, असंही तो एकदा म्हणाला. तो बायकोच्या मनासारखंच बोलत होता, म्हणून एवढं सुरळीत जमत होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. उंच छत, लाकडी बाकं, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. होयबा इस्त्रीचा सदरा घालून आला होता. वाटेतही तो पुटपुटत आला होता. आत शिरल्याबरोबर दोन्ही बाजूंनी त्याला बोलावणं आलं. इकडे प्राध्यापकांनी पहिल्या बाकावर जागा धरली होती, तिकडे कंत्राटदाराने. शेवटी दोघांनी एकमेकांकडे बघितलं, हसले, आणि त्याला मध्ये बसवून त्याच्या दोन बाजूंना बसले.

साहेबाने ठराव वाचला. उंचीची मर्यादा कायम. रस्त्याची पातळी वाढवणे. मग भाषणं झाली. प्राध्यापक आभाळाबद्दल बोलले, कंत्राटदार पाण्याबद्दल बोलला. विरोधात बोलायला कोणी नव्हतं, कारण ज्यांचे विरोध होते त्यांचे मिटले होते. टाळ्या झाल्या. साहेबाने चष्मा काढला आणि सगळं सभागृह सोडून नेमकं पहिल्या बाकाकडे बघितलं. बिचाऱ्याने आपल्याकडून होईल तेवढं केलं.

"सलूनचे मालक आलेत ना? तुमची काही हरकत आहे?"

होयबा उभा राहिला. मग त्याने मागे वळून बघितलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. बाकांवर त्याला माणसं दिसली नाहीत, गाल दिसले. हा तीळ टाळून वस्तरा फिरवायचा. हा हनुवटीला खळीवाला, याला उलटा हात चालत नाही. तो कानाच्या पाळीची खूण असलेला म्हातारा अजून जिवंत होता आणि चौथ्या बाकावर बसला होता. सगळे त्याच्याकडे विश्वासाने, मान किंचित वर करून बघत होते, जशी खुर्चीत बसल्यावर करतात. होयबाचा उजवा हात आपसूक हवेत स्थिर झाला.

"आहे का हरकत?" साहेबाने पुन्हा विचारलं. त्याच्या आवाजात जवळजवळ विनवणी होती.

"छे, साहेब," होयबा म्हणाला. "आपली कसली हरकत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राध्यापकांनी पाठ थोपटली. साहेबाने चष्मा पुन्हा घातला आणि मान खाली घालून सही केली.

त्या संध्याकाळी बायको ओरडली नाही. तिने विचारलं, त्याने सांगितलं, आणि ती ताट वाढायला उठली. तिने ओरडायला हवं होतं. ती गप्प राहिली याचीच त्याला जास्त लाज वाटली.

रस्ता भरभक्कम झाला. उद्घाटनाला दोन्ही समित्या हजर होत्या. त्यानंतर साहेब स्वतः सलूनमध्ये आला. हाताखालच्या माणसाला पाठवणं त्याच्या जिवावर आलं असावं. सलून बंद करायला सांगून तो पायऱ्या चढला तेव्हा त्याचं डोकं दाराच्या चौकटीला आपटता आपटता राहिलं.

गल्लीला धक्का बसला. प्राध्यापकांना तर फारच बसला. "अरे, मग बोलला का नाहीस?" ते कळवळून म्हणाले. "आम्ही काय परके होतो? एका शब्दाने सांगायचंस!" कंत्राटदाराचेही डोळे भरून आले, आणि याही वेळी पाणी खरं होतं. आपण याचं भलं केलंच पाहिजे, असं दोघांनी ठरवलं. तळघरात गाडी लावायला नियम आड येत नव्हता. प्राध्यापकांना गाडीला जागा हवीच होती. कंत्राटदाराने उरलेल्या डांबराचा उतार करून दिला, तो अगदी फुकट. होयबाला काय, घरबसल्या भाडं. हिंडून फिरून घरोघरी दाढ्या कर म्हणाले, तब्येत चांगली राहील. होयबा हो म्हणाला.

दोन्ही खुर्च्या निघाल्या, त्या दिवशी बायको सुट्टी घेऊन आली होती. प्राध्यापकांची छोटी गाडी उताराच्या तोंडाशी येऊन उभी होतीच. ती उलटी आत घ्यायची होती, आणि प्राध्यापकांना हल्ली मान वळवायचा त्रास होता. होयबा आत उभा राहून हाताने खुणा करत होता. "येऊ द्या, सर. येऊ द्या. अजून येऊ द्या." जिथे त्याच्या वडिलांची खुर्ची होती, तिथे गाडीचा मागचा भाग येऊन थांबला.

प्राध्यापक उतरले. भिंतीवरच्या मोठ्या आरशात त्यांना गाडीची मागची बाजू छान दिसली होती.

"तो आरसा राहू दे बरं का," ते म्हणाले. "गाडी मागे घेताना फार उपयोगी आहे."

"नाही," होयबा म्हणाला.

प्राध्यापकांना वाटलं, गाडी कुठे घासली. ते वाकून बघायला लागले. "काय नाही?"

"आरसा नाही राहणार. आरसा माझा आहे. मी नेणार."

"बरं बाबा, ने की," प्राध्यापक म्हणाले. "त्यात काय एवढं? मी आपलं विचारलं." त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली, होयबाच्या बायकोकडे बघून मान हलवली, आणि उतारावरून सावकाश चढत घरी गेले. त्यांची मान जागेवर होती. कुठे कापलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. वरच्या रस्त्यावर रहदारी चालू होती.

होयबाने खिळे काढले, आरसा खाली उतरवला आणि तो भिंतीला टेकवून गाडीच्या शेजारी फरशीवरच बसला. त्याला रडू फुटलं. मोठ्या माणसाने रडावं तसं नाही, लहान पोरासारखं, नाक ओढत.

"एवढंच होतं?" त्याने बायकोला विचारलं. "एवढंच म्हणायचं होतं?"

"एवढंच," ती म्हणाली. मग तिने त्याला हात धरून उठवलं, आरशाची एक बाजू धरली, आणि दोघं तो सांभाळत उतार चढू लागली.